संग्रह केव्हा पुरा झाला म्हणावा? : गिटारींच्या निमित्ताने

‘साठा’ आणि ‘संग्रह’ हे दोन शब्द आपण व्यवहारात पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु त्यांच्या अर्थांत मोठा फरक आहे. धान्याचा साठा होतो, नाण्यांचा संग्रह होतो. साठ्यातील एक पोते दुसऱ्या पोत्यासारखेच असते. म्हणून साठा किती असावा हे गरजेवरून ठरविता येते. घरात माणसे किती आणि पुढचे पीक केव्हा हाती येणार, एवढे कळले की हिशेब संपला. संग्रहातील वस्तू मात्र एकमेकींहून वेगळ्या असतात. किंबहुना वेगळ्या असतात म्हणूनच त्या जमविल्या जातात. जगातील वेगळेपणाला अंत नाही. मग संग्रहालाही अंत नाही काय? ‘आता पुरे’ असे संग्राहकाने केव्हा म्हणावे?

हा प्रश्न तिकिटे, नाणी, जुने दिवे किंवा पुस्तके यांच्याबाबतीतही विचारता येईल. प्रस्तुत लेखात तो गिटार या वाद्याच्या संदर्भात विचारला आहे, आणि त्याला कारण आहे. टपालाचे तिकीट वहीत चिकटवून ठेवले तरी त्याचे काही बिघडत नाही. ते पाहण्यासाठीच जमविलेले असते. वाद्य वाजविण्यासाठी असते, आणि वाजविणाऱ्याला हात दोनच असतात. त्यामुळे वस्तू बाळगणे आणि वस्तू वापरणे यांतील अंतर वाद्यसंग्रहात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल. शिवाय पाश्चात्त्य देशांत गेल्या पन्नास-साठ वर्षांत गिटारींचे मोठमोठे संग्रह झाले, त्यांतील काहींचे जाहीर लिलाव झाले. विचाराला लागणारी सामग्री त्यामुळे आयतीच उपलब्ध आहे.

१. अर्थशास्त्राचे उत्तर

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर प्रथमदर्शनी सोपे वाटेल. घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम आपण सर्वांनीच वर्गात घोकला आहे. पहिल्या आंब्याने जेवढे समाधान मिळते तेवढे पाचव्याने मिळत नाही, आणि एक वेळ अशी येते की पुढचा आंबा नकोसा होतो. याच न्यायाने पाचव्या किंवा दहाव्या गिटारीनंतर मनुष्याने आपोआप थांबावयास हवे. प्रत्यक्षात तसे घडत नाही. म्हणूनच आपल्या पाठ्यपुस्तकांत या नियमाच्या अपवादांची जी यादी असते, तीत कंजूष आणि व्यसनी यांच्या शेजारी छंदासाठी वस्तू जमविणाऱ्यालाही बसविलेले असते. संग्राहकाला ही संगत रुचणार नाही, पण ती विचार करण्याजोगी आहे.

आल्फ्रेड मार्शल यांनी मात्र १८९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात याविषयी अधिक मार्मिक विवेचन केले आहे. उत्तम संगीत जितके ऐकावे तितकी त्याची आवड वाढते, हे त्यांना ठाऊक होते. तथापि त्यांच्या मते हा नियमाचा अपवाद नव्हे. नियम सांगताना माणसाची रुची मध्यंतरीच्या काळात बदललेली नाही असे आपण गृहीत धरलेले असते. संगीत ऐकणाऱ्याच्या बाबतीत तो मनुष्यच बदलतो.

गिटारवादकालाही हे तंतोतंत लागू पडते. पहिली गिटार घेतली तेव्हा त्याला नायलॉनची तार आणि पोलादी तार एवढाच भेद कळत होता. ती दोन वर्षे वाजविल्यावर त्याला लाकडालाकडांतला फरक ऐकू येऊ लागतो. दुसरी गिटार घेतल्यावर कान आणखी तयार होतो आणि तिसरीची गरज भासू लागते. पाश्चात्त्य वादकांत एक थट्टा रूढ आहे: आवश्यक गिटारींची संख्या म्हणजे आज जवळ आहेत तितक्या अधिक एक! ‘स्टीली डॅन’ या अमेरिकन वाद्यवृंदातील वॉल्टर बेकर यांनी १९९० च्या दशकात या नादाला एखाद्या आजाराला शोभेल असे विनोदी नाव दिले आणि ते वादकांच्या बोलण्यात कायमचे बसले.

तात्पर्य, हाव का वाढते हे अर्थशास्त्र सांगते. कोठे थांबावे हे सांगत नाही. इच्छेच्या अंगाने गेल्यास सीमा सापडणार नाही. ती अन्यत्र शोधली पाहिजे.

२. वादकाची गरज

वादकाला खरोखर किती गिटारी लागतात? गिटार हे एकच वाद्य आहे असे आपण समजतो. पण त्यात निरनिराळी कुळे आहेत. स्पेनमधील कारागीर आन्तोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांनी अभिजात गिटारीला आजचा घाट दिला. तिच्या तारा पूर्वी आतड्याच्या असत, आता नायलॉनच्या असतात. पोलादी तारांची गिटार निराळी. तिच्या पोटात आधाराच्या पट्ट्या वेगळ्या रीतीने बसवाव्या लागतात, कारण तारांचा ताण जवळजवळ दुप्पट असतो. कमानीसारखे फुगीर पृष्ठ असलेली आर्चटॉप गिटार जाझ संगीतात रुळली. पोकळ पेटी नसलेली, भरीव लाकडाची विजेवर चालणारी गिटार १९५० नंतर सर्वत्र पसरली. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची आणि गिब्सन कंपनीची लेस पॉल १९५२ ची. याशिवाय बारा तारांची गिटार आहे, मांडीवर आडवी ठेवून सळईने वाजवावयाची हवाइयन गिटार आहे आणि खर्जाची बेस गिटार आहे.

यांपैकी एकीचे काम दुसरी करू शकत नाही. नायलॉनच्या तारेतून बारा तारांचा झणत्कार निघणार नाही. तेव्हा ध्वनिमुद्रणासाठी निरनिराळ्या प्रकारचे संगीत वाजविणाऱ्या व्यावसायिकाजवळ सात-आठ गिटारी असल्या तर तो संग्रह नव्हे, ती सुताराची हत्यारे होत. रंधा आहे म्हणून पटाशी नको असे कोणी म्हणत नाही.

परंतु जो एकाच परंपरेत काम करतो त्याचे काय? आंद्रेस सेगोव्हिया यांनी अभिजात गिटारीला जगाच्या रंगमंचावर मानाचे स्थान मिळवून दिले. त्यांनी १९१२ पासून १९३७ पर्यंत माद्रिदच्या मान्युएल रामिरेस यांच्या कारखान्यातील एक गिटार वाजविली, आणि त्यानंतरची सुमारे पंचवीस वर्षे जर्मन कारागीर हेरमान हाउझर यांनी घडविलेली दुसरी. अर्धशतकाच्या कीर्तीला प्रामुख्याने दोन वाद्ये पुरली! ही दोन्ही वाद्ये १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देण्यात आली. अमेरिकन गायक विली नेल्सन यांनी १९६९ साली घेतलेली मार्टिन कंपनीची नायलॉन तारांची गिटार पुढे दशकानुदशके वाजविली. ती बोटांनी वाजवावयाची. त्यांनी ती नखीने वाजविली आणि घासून घासून तिच्या वरच्या फळीला दुसरे भोक पडले. ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचे ब्रायन मे यांनी तर १९६३ पासून वडिलांच्या मदतीने स्वतःच गिटार घडविली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड त्यांनी तिच्या दांडीसाठी वापरले, आणि त्याच गिटारीवर त्यांनी जगभर कार्यक्रम केले.

आपल्याकडील उदाहरण याहून बोलके आहे. ब्रिजभूषण काबरा यांनी हवाइयन गिटारीवर रागसंगीत वाजवून दाखविले. पंडित विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला चिकारीच्या व तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा सिद्ध केली आणि १९९४ मध्ये तिच्या वादनाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. हवा तो स्वर जवळच्या वाद्यातून निघत नाही असे दिसल्यावर दोन मार्ग उरतात. एक, दुसरे वाद्य विकत घेणे. दुसरा, हातातले वाद्य बदलणे. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यांनी संगीतात नवे काही निर्माण केले, हे विसरता येत नाही.

३. वाद्याची गरज

आतापर्यंत आपण माणसाची गरज पाहिली. पण वाद्याचीही काही गरज असते, आणि येथे हिशेब अधिक निश्चित होतो.

पोलादी तारांच्या गिटारीची वरची फळी साधारणपणे अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची असते. सहा तारांचा मिळून ताण सुमारे सत्तर किलोग्रॅम असतो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या पातळ फळीला अहोरात्र ओढत बसला आहे अशी कल्पना करावी. लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. जाणकारांच्या मते गिटारीला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. मुंबईला किंवा कोकणात आषाढ-श्रावणात ती ऐंशी टक्क्यांवर जाते. फळी फुगते, तारा पडद्यांपासून उंच उठतात, खोक्यात बुरशी धरते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी ती वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. तेव्हा लाकूड आकसते आणि फळीला चीर जाते. एका गिटारीची वर्षभर राखण करता येते. दहांची करावयाची तर खोली वेगळी लागते. शंभरांची करावयाची तर माणूस नेमावा लागतो.

वेळेचा हिशेबही करून पाहू. एखादा वादक रोज नेमाने एक तास रियाज करतो असे धरले तर वर्षाचे ३६५ तास होतात. पाच गिटारी असल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ७३ तास येतात. दहा असल्या तर साडेछत्तीस. पन्नास असल्या तर सात तासांच्या आसपास. आणि ३६५ असल्या तर वर्षातून एकच तास! सात तासांत वाद्याशी ओळखही होत नाही. त्याचा कोणता पडदा किंचित बेसूर बोलतो, कोणत्या खुंटीला हिसका आहे, कोणत्या ठिकाणी छेडले असता आवाज गोल येतो, हे समजण्यास सहवास लागतो. तेव्हा संग्रह वाढला म्हणजे प्रत्येक वाद्याविषयीचे ज्ञान त्याच प्रमाणात घटते, असे म्हणावयास हरकत नाही.

यात आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्या देशाशी निगडित आहे. चांगल्या गिटारीची पाठ व बाजू शिसवीच्या जातीच्या लाकडाच्या असतात. पूर्वी ब्राझीलचे शिसवी लाकूड श्रेष्ठ मानले जाई. ते दुर्मीळ होऊ लागल्यावर मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये आपल्या नेहमीच्या नमुन्यांसाठी भारतीय शिसवी वापरण्यास आरंभ केला, आणि दक्षिण भारतातील शिसवी जगभरच्या गिटारींत जाऊन बसली. वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या ‘साइट्स’ करारान्वये ब्राझीलच्या शिसवीचा व्यापार १९९२ पासून जवळजवळ बंद झाला. २०१७ मध्ये शिसवीच्या संपूर्ण प्रजातीवर परवान्यांचे बंधन आले. पुढे २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. शिसवीचे झाड जोमदार व्हावयास माणसाचे आयुष्य लागते. न वाजणारी शंभरावी गिटार म्हणजे केवळ मालकाच्या घरची अडगळ नव्हे. ते कोठल्या तरी डोंगरातले एक झाडही असते.

४. अभ्यासकाचा संग्रह

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, सर्वच संग्रह वादकांचे नसतात. कोणी तरी जुनी वाद्ये जपून ठेवली म्हणून तर ती आज पाहावयास मिळतात! हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला उत्तरही तितक्याच गंभीरपणे दिले पाहिजे.

बंगालमधील संगीतशास्त्रज्ञ राजा शौरीन्द्रमोहन टागोर (१८४०–१९१४) यांनी भारतीय वाद्ये जमविली, पण ती सर्व आपल्या वाड्यात ठेवली नाहीत. १८७६ साली त्यांनी सुमारे शंभर वाद्यांचा संच बेल्जियमचे राजे दुसरे लिओपोल्ड यांना पाठविला. ब्रुसेल्सच्या संगीतविद्यालयाच्या वाद्यसंग्रहालयात ही वाद्ये दाखल झाली. तेथील पहिले संग्रहपाल व्हिक्टर-शार्ल माहियाँ यांच्यापुढे या शेकडो भिन्नदेशीय वाद्यांची वर्गवारी कशी करावी हा प्रश्न उभा राहिला. युरोपातील रूढ वर्गवारीत ती बसत नव्हती. नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. माहियाँ यांनी १८८० पासून प्रसिद्ध केलेल्या सूचीत जे चार वर्ग केले ते याच तत्त्वावरचे आहेत, आणि त्यांच्यामागे भारतीय विचाराची प्रेरणा असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. त्याच पायावर पुढे १९१४ मध्ये होर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी आपली पद्धती उभारली व ती आजही जगभर वापरली जाते. शंभर वाद्यांच्या एका संचाने एका शास्त्राला दिशा दिली. हे संख्येमुळे घडले नाही. त्यातील प्रत्येक वाद्य दुसऱ्याहून वेगळे काही सांगत होते आणि ते ऐकणारा समोर होता, म्हणून घडले.

गिटारींच्या जगातील याचे सुंदर उदाहरण अमेरिकेतील स्कॉट चिनेरी यांचे आहे. त्यांच्याजवळ हजाराच्या घरात गिटारी होत्या. परंतु आज त्यांचे नाव घेतले जाते ते त्यांतील केवळ बावीस गिटारींसाठी. जेम्स डी’ॲक्विस्टो या थोर कारागिराने त्यांच्यासाठी एक निळी आर्चटॉप गिटार घडविली होती. १९९५ मध्ये डी’ॲक्विस्टो वारले. नंतर चिनेरी यांनी इतर नामांकित कारागिरांना सांगितले की, प्रत्येकाने एकेक आर्चटॉप गिटार घडवावी. तिची रुंदी अठरा इंच असावी आणि रंग तोच निळा असावा. बाकी सर्व त्यांच्या मर्जीवर सोडले. माप सारखे आणि रंगही सारखा. मग जो फरक उरतो तो निव्वळ कारागिराच्या हाताचा. या निळ्या गिटारी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत मांडण्यात आल्या. आरंभीच प्रश्न नेमका ठरविलेला असल्यामुळे हा संग्रह पुरा होऊ शकला. हजार गिटारींच्या संग्रहाला मात्र असा शेवटचा पान-क्रमांक नसतो.

आपल्याजवळचे उदाहरण पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमविण्यास प्रारंभ केला आणि पत्नी कमलाबाई यांच्या साथीने तो नाद जन्मभर पाळला. अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले. दिवे, अडकित्ते, भांडी, दारे-खिडक्या आणि वाद्ये मिळून वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात गेली. त्यांतील सुमारे अडीच हजारच एका वेळी मांडता येतात. घरात ही संख्या अवजड झाली असती. परंतु काकासाहेबांनी संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका माणसाच्या हाताला जे फार होते, ते समाजाच्या हाताला फार राहिले नाही. संग्रह मोठा की लहान हे त्यातील वस्तू मोजून ठरत नाही. तो कोणाच्या हातात आहे यावरून ठरते, हा बोध यातून घ्यावयाचा.

५. किंमत आणि वादन

तिसरा प्रकार गुंतवणूकदाराचा. तो म्हणेल की, वाजविणे आणि अभ्यास राहू द्या. जुन्या गिटारीची किंमत वाढते, म्हणून जितक्या जमतील तितक्या घ्याव्यात. पण ही किंमत येते कोठून? गिब्सन कंपनीने १९५८ ते १९६० या काळात पिवळ्या-तांबूस छटेच्या सुमारे दीड हजार लेस पॉल गिटारी केल्या. त्या फारशा खपल्या नाहीत, म्हणून कंपनीने तो नमुनाच बदलला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेत तशी एक गिटार वाजविली. इतर वादकही तिच्याकडे वळले. न खपलेली गिटार मग इतकी हवीशी झाली की १९६८ मध्ये कंपनीला लेस पॉलचे उत्पादन पुन्हा सुरू करावे लागले. म्हणजे तिजोरीतील गिटारीची किंमत ही कोणी तरी वाजविलेल्या गिटारीची पुण्याई असते. सर्वांनीच गिटारी कुलुपात ठेवल्या तर पुढच्या पिढीत त्यांना विचारणारा उरणार नाही.

‘पिंक फ्लॉइड’चे डेव्हिड गिल्मर यांनी २० जून २०१९ रोजी न्यूयॉर्क येथे सव्वाशेच्या वर गिटारी लिलावात विकल्या. सुमारे २ कोटी १५ लाख डॉलर आले. ते त्यांनी हवामानबदलाच्या प्रश्नावर न्यायालयीन लढे देणाऱ्या ‘क्लायंटअर्थ’ या संस्थेला दिले. त्यांतील काळ्या स्ट्रॅटोकास्टरलाच सुमारे ४० लाख डॉलर मिळाले. ही गिटार १९७० साली घेतलेली. गिल्मर यांनी तिची दांडी बदलली, भाग बदलले, तिला भोके पाडली. सर्वांत अधिक हाताळलेली गिटारच सर्वांत मोलाची ठरली.

सर्वांत उद्बोधक कथा मात्र क्लॅप्टन यांची. १९७० साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे त्यांनी जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात मिळतात असे पाहून एकदम सहा घेतल्या. त्यांतील तीन त्यांनी जॉर्ज हॅरिसन, स्टीव्ह विनवुड आणि पीट टाउन्शेंड या मित्रांना दिल्या. उरलेल्या तिघींचे उत्तम भाग निवडून त्यांची एक गिटार केली. तिला ‘ब्लॅकी’ असे नाव पडले आणि पुढे अनेक वर्षे तीच त्यांची मुख्य गिटार होती. २००४ मध्ये तिचा लिलाव होऊन ९,५९,५०० डॉलर आले, आणि ती रक्कम अँटिग्वा बेटावर त्यांनी स्थापन केलेल्या व्यसनमुक्ती केंद्राच्या कामी लागली. सहांतून तीन दिल्या, तिघींची एक केली आणि अखेर तीही सोडली. संग्रह कमी करीत जाण्यातही निवड लागते, आणि ती निवड अधिक अवघड असते.

६. निष्कर्ष

या सर्व विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. ‘किती गिटारी पुरेत?’ याला आकड्यात उत्तर नाही. परंतु ‘उत्तरच नाही’ असे म्हणणेही खरे नव्हे. संग्राहकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा संग्रह कशासाठी आहे: वादनासाठी, अभ्यासासाठी की आणखी कशासाठी? यातील प्रत्येक वाद्य असे काय करते, जे दुसरे करीत नाही? आणि याची राखण आज कोण करतो, उद्या कोण करील?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर एक गिटारही जास्त आहे. दुसऱ्याचे उत्तर ज्या वाद्यापाशी अडते, त्या वाद्यापाशी संग्रह संपतो आणि साठा सुरू होतो. तिसऱ्याचे उत्तर नसेल तर वाद्य योग्य हाती देण्याची वेळ झाली असे समजावे. नवे वाद्य घरात आणताना कोणते जुने बाहेर जाईल हे ज्या दिवशी ठरवावे लागते, त्या दिवशी संग्रह पुरा झाला. याचा अर्थ त्याची वाढ थांबली असा नव्हे. आतून तो सुधारत राहू शकतो. योगशास्त्रात अपरिग्रहाला यमांमध्ये स्थान दिले आहे. त्याचा अर्थ जवळ काहीच असू नये एवढाच घेतला तर तो कलावंताला झेपणारा नाही. ज्याची सेवा आपल्या हातून होत नाही ते अडवून ठेवू नये, असा घेतला तर तो प्रत्येक वादकाला झेपेल.

आपल्यापैकी फार थोड्यांजवळ गिटार असेल, आणि दहा गिटारी तर कोणाजवळ नसतील. तरीही हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. अनेक महाविद्यालयांतून वाद्यांचे एक कपाट असते. त्यातील पेटी, तबला आणि असलीच तर एखादी गिटार स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात बाहेर निघतात आणि नंतर वर्षभर कुलुपात राहतात. त्याच वेळी वर्गातील एखादा विद्यार्थी वाद्य नाही म्हणून शिकत नसतो. नवे वाद्य घेण्याची मागणी करण्यापूर्वी त्या कपाटाची किल्ली कोणाजवळ आहे, याची चौकशी आपण करावयास हवी.